बाकी सातशे

पेपरवाले येऊन गेले मागच्या महिन्यात, सेलूत,
तांबोळ्याच्या मुनीरबद्दल विचारत.
त्याच्या पिक्चरला परदेशात बक्षीस मिळालंय म्हणे.
सगळ्यांनी सांगितलं, आम्ही तेव्हाच ओळखलं होतं.
कुणी काही ओळखलं नव्हतं.

स्टँडसमोर बापाची पानाची टपरी.
दिलखुश टॉकीजच्या ऑपरेटरला रोज रात्री
दोन पानं पोचवायची, एक साधं, एक तंबाखूचं,
आणि ऑपरेटर जिन्यात जाऊन, चावून, पिंक टाकून येईस्तोवर
मशीनशेजारच्या चौकोनी भोकातून बघायचं.
दहा मिनिटं. कधी बारा.
म्हणून त्याला प्रत्येक पिक्चरचं मधलंच ठाऊक.
सुरुवात तो मागच्या बाकावर बसून स्वतः रचायचा,
शेवट आम्हाला विचारायचा,
आणि खरा सांगितला की म्हणायचा,
"छ्या. असा नसंल."

माझ्या लग्नाची शूटिंग त्यानं केली.
साल अठ्ठ्याण्णव, वैशाख, बेचाळीस डिग्री.
कॅमेरा परभणीच्या स्टुडिओतून भाड्यानं.
ठरले पंधराशे, हातावर टेकवले आठशे,
बाकी सातशे कॅसेट दिल्यावर.

कॅसेट लावली तेव्हा सासरची अख्खी आळी जमलेली.
आधी घोडा. घोड्याचा नुसता डोळा, किती तरी वेळ.
मग मंगलाष्टकं ऐकू येतायत,
भटजींचा बसलेला गळा, मागं जनरेटर,
आणि दिसतंय काय, तर कोठीची खोली
आणि माझे वडील.
चाळीस माणसं जास्तीची आली होती तिकडून.
वडील बुंदीचे लाडू मोजत होते,
पाच-पाचाच्या हिशोबानं, ओठ हलवत.
"सावधान" झालं.
बाहेर अक्षता पडल्या, बँड सुरू झाला,
त्यांचा हात लाडवासकट हवेतच थांबला.
दाराकडं पाहिलं त्यांनी. उठले नाहीत.
लाडू परत ठेवला,
आणि आकडा विसरले म्हणून
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

"मुहूर्त कुठंय? हार घातलेला कुठंय?"
दीर कॅसेट घेऊन थेट टपरीवर गेला, चारचौघांत बोलला.
मुनीर म्हणाला, "हेच लगीन होतं की."
सातशे बुडाले.
पुढं सेलूत त्याला कुणी बारशालासुद्धा बोलावलं नाही.
स्टुडिओवाल्याचं भाडं फेडायला
तो सरकीच्या मिलमधे पोती शिवत होता पावसाळाभर,
आणि दसऱ्याच्या आत रात्रीच्या पॅसेंजरनं मनमाडकडं गेला.
मुंबईत काय काय सोसलं ते छापून आलंय,
मी कशाला सांगू.

मीही तेव्हा गप्प बसले.
खोटं कशाला बोलू, मलापण रागच होता.
साडेतीन हजाराचा शालू, एकदा धड दिसला नाही.

वडील जाऊन आता अठरा वर्षं झाली.
कॅसेटला बुरशी आली, मशीन तर कधीच भंगारात.
भाच्यानं मोबाईलवर त्याचा पिक्चर दाखवला मला.
त्यात मधेच एक म्हातारा आहे, नाव नाही, संवाद नाही,
जत्रेत कंदील मोजतो,
आणि चुकतो.
मी भाच्याला म्हटलं, थांब, मागं घे.
तो म्हणाला, इथं काहीच होत नाही, मामी.

काल टपरीवर गेले. आता धाकटा इस्माईल बसतो.
सातशे रुपये काढून ठेवले कातेच्या डब्याशेजारी.
"कशाचे?"
"शूटिंगचे राहिले होते."
त्यानं नोटा पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं,
भाईला फोन लावला. लागला नाही.
घ्यावे की नको, त्याला समजंना.
मग घेतले, आणि न विचारता
दोन पानं बांधून दिली,
एक साधं, एक तंबाखूचं.
म्हटलं, अरे, मी तंबाखू खात नाही.
म्हणाला, असू द्या ताई,
कुणाला तरी पोचवा.